पहिली वेलांटी

मंगळवारी बोर्डाची तारीख होती आणि शुक्रवार उजाडला तरी सुमित रणपिसेच्या अहवालातला एक रकाना रिकामाच होता: पालक मुलाला घरी न्यायला तयार आहेत का? अनुपमा वाळिंबे यांना तो भरायला खरं तर अर्धं मिनिटही लागलं नसतं. आईनं आदल्याच दिवशी तोंडावर ‘न्हाई’ म्हणून सांगितलं होतं. तेवढं लिहायचं, खाली सही ठोकायची आणि पुढची फाईल ओढायची. पुण्याच्या त्या कचेरीत फायलींना काय तोटा! पण बाईंचा हात काही त्या रकान्याकडे वळेना आणि वळत नाही म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या होत्या.

वाळिंबेबाई परिविक्षा अधिकारी होत्या. हे पद त्यांच्या सख्ख्या आईलाही धड उच्चारता येत नसे. ती शेजारणींना ‘माझी अनू वांड पोरांच्या खात्यात आहे’ असं सांगून मोकळी व्हायची. काम मात्र आईनं सांगितलं त्याहून बरंच नाजूक होतं. पोलिसांनी पकडलेल्या अठराच्या आतल्या पोराचं घर बघायचं, शाळा बघायची, शेजारपाजारचं ऐकायचं आणि ह्या पोराचं पुढे काय करावं ते बाल न्याय मंडळाला लिहून द्यायचं. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? सगळे त्याला बोर्डच म्हणत. शिरूर आणि दौंड असे दोन तालुके बाईंच्या गळ्यात होते. वडाप जीपमध्ये मांडीवर कुणाचं तरी कोंबडं घेऊन त्यांनी ते पालथे घातले होते.

वस्तीवर जाताना बाईंचा एक नियम होता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. कोर्ट, पोलीस, रिमांड होम हे शब्द त्या चुकूनही काढायच्या नाहीत. शेजारच्या चार बाया कान टवकारून उभ्या असतात. एकदा शब्द पडला की पोर जन्मभराचं ‘रिमांडचं’ होतं. म्हणून त्या दारात उभ्या राहून गोड आवाजात सांगायच्या, “मी पुण्याहून आलेय, बोर्डाकडून. मुलाच्या शाळेबद्दल थोडं बोलायचं होतं.” हा नियम पुढे त्यांच्याच अंगावर उलटणार होता, पण ते त्यांना तेव्हा कुठं ठाऊक!

सुमित चौदा वर्षांचा, नववीतला. घर तळेगाव ढमढेरेच्या बाहेर, बौद्ध वस्तीत. बाप ट्रकवर क्लीनर म्हणून गेला तो तिकडेच रमला. घरात आई अंजना आणि हा, बस. सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या दोघा बाप्यांनी ह्याला मोटारसायकलवर मधे बसवून नेलं आणि गावातले बडे बागायतदार बापूसाहेब यांच्या विहिरीवरची पाण्याची मोटार फोडून तांब्याची तार काढली. लोक बॅटऱ्या घेऊन धावले. दोघं गाडीवरून पसार झाले आणि पोतं धरायला ठेवलेलं पोरगं पोतं धरूनच उभं राहिलं. पुढे सगळं कबूल केलं त्यानं. “कशाला गेलास रे?” असं बाईंनी विचारलं, तर म्हणाला, “गाडीवर बसाया मिळालं म्हनून.”

निकाल लागेपर्यंत पोरांना ठेवतात त्या पुण्याच्या निरीक्षणगृहात ती त्यांची पहिली भेट. पोरगं जमिनीकडे बघत विचारलं तेवढंच बोलायचं. बाईंनी कागदावर नाव लिहिलं, तसा मात्र तो पुढे वाकला.

“बाई, पहिली वेलांटी.”

“काय?”

“सुमितची मि पहिली असती. तुमी दुसरी काढलीया.”

बाईंना हसू आलं. चोरीच्या गुन्ह्यात अडकलेला मुलगा स्वतःच्या नावाचा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळतोय! त्यांनी खोडून नीट केलं आणि त्या क्षणापासून हा मुलगा त्यांना आवडू लागला. ह्याला गुन्हा शाबीत झालेल्या पोरांच्या विशेष गृहात धाडू द्यायचं नाही, असं त्यांनी तिथंच मनाशी ठरवून टाकलं. तिथं एकदा गेला की दोन-तीन वर्षं गेलीच, आणि शाळेचं जे व्हायचं ते होऊन बसलं असतं. बोर्ड सोडायला तयार झालं असतं. पण हमी घेऊन ताब्यात घेणारं घरचं माणूस तर हवं.

म्हणून गुरुवारी त्या तळेगावला गेल्या. अंजनाबाई दारातच भेटल्या. ‘बोर्डाकडून’ हा शब्द कानावर पडताच त्यांचा चेहरा असा खुलला की बाईंना वाटलं, चला, काम झालं. अंजनाबाईंनी गोधडी अंथरली, गुळाचा चहा ठेवला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्या बाजूला टाय लावलेल्या एका माणसाचा हार घातलेला फोटो.

“माझा भाऊ, बन्सी,” अंजनाबाई म्हणाल्या. “दौंडला रेल्वेत क्लार्क व्हता. दोन वर्षं झाली जाऊन.”

बाईंनी शाळेचं विचारलं, मित्रांचं विचारलं, आणि मग मुद्द्यावर आल्या. “मंगळवारी बोर्डापुढं त्याची तारीख आहे. तुम्ही त्याला घरी घेऊन जायला तयार आहात ना?”

अंजनाबाईंचा हसरा चेहरा एकदम उतरला. “घरी? न्हाई बाई. घरी नका धाडू.”

“का?”

“ऱ्हाऊ द्या त्याला तितंच. म्या काय रडायची न्हाई. आईला करमत न्हाई असं कुनी सांगितलं असंल, तर त्यात काय खरं न्हाई.”

“अहो, तुमचा मुलगा आहे तो.”

“म्हनूनच,” अंजनाबाई म्हणाल्या.

बाईंचं डोकं सणकलं. चहा अर्धा टाकून त्या उठल्या. पोटचं पोर आठवडाभर दुसऱ्याच्या दारात पडलंय, एकदा भेटायला येणं नाही, आणि वर म्हणे करमतंय! त्या उंबरा ओलांडत होत्या, तेव्हा मागून अंजनाबाईंनी हळूच विचारलं, “बाई, तितं जेवायला भाकरी असती का चपाती? त्याचं चपातीनं पोट न्हाई भरत.” बाई तरातरा रस्त्याला लागल्या.

शुक्रवारी त्या निरीक्षणगृहात गेल्या, तर सुमित जाळीच्या खिडकीपाशी बसलेला. मागच्या रविवारी बाकीच्या पोरांचे आईबाप डबे घेऊन आले होते. ह्याचं कुणी आलं नव्हतं.

“आई काय म्हनली?”

बाईंना त्याच्यापुढं खोटंही बोलवेना आणि खरंही. त्यांनी पिशवी उगाचच उघडली, बंद केली. पोरगं शहाणं होतं, त्याला तेवढ्यातच कळलं.

“लिवा तसंच,” तो म्हणाला. “मला बी न्हाई जायचं तिच्याकडं.” आणि त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं.

कचेरीत परतल्यावर शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, “आई नाही म्हणते ना? मग नाही लिहा. तुम्ही काय त्याच्या आईला आई करायला जाणार आहात?” बोलले ते बरोबरच होतं. पण ते ‘म्हनूनच’ काही बाईंच्या डोक्यातून जाईना. टाकून दिलेल्या पोराला भाकरी मिळते का चपाती, हे कोण विचारतं? तिनं तसं विचारलं आणि मी बया तरातरा निघून आले, असं त्यांनी स्वतःलाच सुनावलं. शनिवार त्यांच्या सुट्टीचा. नवऱ्याला आमटी-भात झाकून ठेवून त्यांनी सकाळीच एसटी धरली.

ह्या वेळी अंजनाबाई त्यांना बघून घाबरल्या. “काढलं का काय पोराला?”

“काढलं म्हणजे?”

“जागा गेली का म्हनलं.”

“कसली जागा, अंजनाबाई?”

अंजनाबाई लगबगीनं आत गेल्या आणि येताना दोन्ही हातांत सामान घेऊन आल्या. सुतळीनं आवळून बांधलेली वळकटी, एक तांब्या आणि जर्मनचं एक जुनं, पोचे पडलेलं ताट. “परवा तुमी घाईनं गेला, द्यायचंच राहिलं. एवढं त्याला पोचवा. ज्याचं त्याचं लागतंय ना तितं. बन्सीला बी आमच्या आयनं ह्येच दिलं व्हतं, दौंडच्या बोर्डिंगात जाताना.”

बाई त्या ताटाकडे बघत राहिल्या. वर ‘बन्सी’ असं नाव ठोकलेलं होतं, घासून घासून पुसट झालेलं. त्याच्या खाली दुसरं नाव चकचकीत, ताजं. भांडीवाल्याकडून नुकतंच घालून घेतलेलं.

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बोर्ड. बोर्डिंग. ‘मी बोर्डाकडून आलेय, शाळेबद्दल बोलायचंय.’ स्वतःचाच तो गोड आवाज त्यांना ऐकू आला.

“तुम्हाला कुणी सांगितलं बोर्डिंग म्हणून?”

“पोलीसच म्हनला की. पोरगं आता बोर्डाकडं, जेवन सरकारचं, शाळा बी आतच. बापूसाहेब बी म्हनले, सुधारलं बघ तुझं पोरगं.” अंजनाबाईंचा आवाज बारीक झाला. “चार वर्षं बोर्डिंगासाठी खेटे घालतीया म्या. ह्यो दाखला न्हाई, त्यो दाखला न्हाई. म्हनलं, त्यानं केलं ते वाईटच केलं, पर त्यातनं चांगलं झालं. सरकारनं शिक्षा म्हनून शाळंत घातलं.”

“म्हणून भेटायला आला नाहीत?”

“नव्या पोराला महिनाभर भेटायचं नसतंय, बाई. आई दिसली की पोर रडतंय आन् माघारी येतंय. आमची आय बन्सीला महिनाभर भेटली न्हाई. घरात बसून रडायची, पर गेली न्हाई.”

बाईंनी गोधडीवर बसकण मारली. सांगायला तर हवंच होतं आणि त्यांनी सगळं सांगितलं, काही न लपवता: बोर्ड म्हणजे काय, निरीक्षणगृह म्हणजे काय, खिडकीला जाळी आहे ती कसली, आणि मंगळवारी कुणी ताब्यात घेतलं नाही तर पुढे काय. आपण शब्द जपून वापरले आणि त्यानंच घोटाळा केला, हेही त्यांनी सांगून टाकलं. अंजनाबाई ऐकत होत्या, हातातलं ताट पदरानं पुसत होत्या. पुसून पुसून थांबल्या.

“आन् त्याला काय वाटतंय?”

“त्याला वाटतंय, तुम्ही त्याला टाकला.”

अंजनाबाईंनी तोंडाला पदर लावला. मग नाक पुसून म्हणाल्या, “मंगळवारी येते. घेऊन येते त्याला.”

“ते दोघं मोटारसायकलवाले अजून हिंडतायत. बोर्ड विचारेल, तुम्ही दिवसभर मजुरीला गेलात की त्याच्याकडं कोण बघणार? नुसतं घरी आणून भागायचं नाही.”

“मग?”

“मग खरंच बोर्डिंग बघू,” बाई म्हणाल्या. कुठं, कसं, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं होतं आणि आता मागे हटणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “उद्या रविवार. तुम्हाला त्याला भेटता येईल पुण्यात. मी दौंडला जाऊन येते.”

“न्हाई,” अंजनाबाई म्हणाल्या. “भेटून दोघं बी रडू, त्यानं काय व्हतंय? म्या तुमच्याबरुबर येते. आधी जागा बघू.”

रविवारी न्हावऱ्याला एक गाडी बदलून, चौफुल्याला दुसरी बदलून त्या दोघी दौंडात उतरल्या. अंजनाबाईंनी ताट पिशवीत घातलं होतं. ते पिशवीत मावत नव्हतं आणि प्रत्येक एसटीत कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्याला लागत होतं. रेल्वे लाइनीच्या पलीकडे ते बोर्डिंग अजून होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे चाफा. गृहपाल ज्योतिबा शेंडगे नुसत्या बनियनवर, पोरांचे केस कापून घेत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली.

“म्याडम, वर्षाच्या मधे प्रवेश नाही. शिवाय रिमांडचं पोरगं. बाकीच्या आईबापांना कळलं तर पोरं काढून नेतील. माफ करा.”

“तुमची पोरं कधी चोरी करत नाहीत?”

शेंडगे जरा हसले. “करतात की. गेल्या साली तिघांनी मिळून आमचा पितळी नळ विकला आणि भेळ खाल्ली.”

“मग पोलिसात दिलंत त्यांना?”

“पोलिसात कशाला? दोन-दोन कानफटात दिल्या आणि महिनाभर पाणी भरायला लावलं. आमचीच पोरं ती.”

“मग ह्यालाही द्या दोन,” बाई म्हणाल्या. “फरक एवढाच, की तुमच्या पोरांच्या वेळी पोलिसांना कुणी बोलावलं नाही, ह्याच्या वेळी बोलावलं. दर महिन्याला मी स्वतः येईन. पोरगं वाकडं वागलं, तर तुम्ही फोन करा, त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन. लेखी देते.”

शेंडग्यांनी हं केलं, हूं केलं, ट्रस्टच्या लोकांना विचारावं लागेल असं म्हणाले, उद्या बघू म्हणाले. सरकारी नोकरीत बाईंनी हे सगळे सूर हजारदा ऐकले होते. त्यांचा आवाज चढायला लागला. पण अंजनाबाईंनी त्यांच्या हाताला धरून थांबवलं आणि स्वतः पायरीवर जाऊन बसल्या. पिशवीतून ताट काढून मांडीवर ठेवलं. भांडणं नाही, रडणं नाही, फक्त बसल्या. जेवणाची घंटा झाली, पोरं रांगेनं पंगतीला गेली, जेवून आली, आणि अंजनाबाई बसूनच. शेंडगे दोनदा बाहेर येऊन आत गेले.

तिसऱ्यांदा आले तेव्हा अंगात सदरा होता. “बाई, कुठवर बसणार आहात?”

“माझा भाऊ इतंच शिकला. म्या माझं पोरगं इतंच ठेवनार,” अंजनाबाई म्हणाल्या. “तुमी हो म्हनूस्तवर बसते. मला घाई न्हाई.”

शेंडगे त्यांच्या मांडीवरच्या त्या पोचे पडलेल्या ताटाकडे बघत राहिले. मग वैतागून म्हणाले, “आणि ते ताट घरी घेऊन जा. आता ताटं संस्थेचीच असतात. पोरांनी घरून आणायची नसतात.”

अंजनाबाईंना एकदम अर्थ लागला नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं. “म्हंजी... घेतलं का?”

“घेतलं,” बाई म्हणाल्या, आणि आभार मानायला शेंडग्यांकडे वळल्या. आभार ऐकत उभं राहावं लागेल म्हणून शेंडगे घाईघाईनं पत्राचा कागद आणायला आत पळाले.

शेंडग्यांचं पत्र घेऊन सोमवारी बाई सुमितकडे गेल्या. सगळं उलगडून सांगितलं. तो ऐकत होता, पण चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. “तुमी मला बरं वाटावं म्हनून सांगताय,” तो म्हणाला. ह्या कामात बाईंनी पोरांना कितीतरी गोष्टी बरं वाटावं म्हणून सांगितल्या होत्या.

मंगळवारी बोर्ड बसलं. मधे न्यायाधीश, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. सुमितला आणून उभं केलं. अंजनाबाई धुतलेलं लुगडं नेसून भिंतीला टेकून उभ्या होत्या. पोरानं तिकडे पाहिलंच नाही. बाईंनी अहवाल वाचून दाखवला: पालक तयार, दौंडच्या बोर्डिंगात प्रवेश, महिन्याला देखरेख. न्यायाधीशांनी चष्म्यावरून अंजनाबाईंकडे बघितलं.

“हातात काय आहे तुमच्या?”

घरी न्यायला सांगितलेलं ते ताट त्यांनी आजही आणलं होतंच. “ताट हाय, सायेब. पोराला बोर्डिंगात घातलंय असं मला वाटलं व्हतं. तवाच नाव घालून आनलं.”

“तेव्हा म्हणजे कधी?”

“पोलिसांनी नेला, त्याच्या पुढच्या बाजाराला.”

सुमितनं मान वर केली. न्यायाधीशांनी हातानं खूण केली, तशा अंजनाबाई पुढे झाल्या आणि ताट त्याच्यासमोर धरलं. पोरानं नावावरून बोट फिरवलं, आधी मामाच्या, मग स्वतःच्या. वाळिंबेबाईंनी हातातली फाईल छातीशी धरली. आता ह्यानं तोंड फिरवलं तर आपण काय करायचं, हे त्यांना खरोखर सुचत नव्हतं.

“दुसरी वेलांटी घातलीया,” तो म्हणाला. आवाज फुटला होता. “मामाची दुसरी असती, आये. माझी पहिली.”

“चुकलं व्हय?” अंजनाबाई घाबरून ताटाकडे बघू लागल्या. “मला कुटं वाचता येतंय? त्यो भांडीवाला बी तसलाच.” मग ताट त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, “जा, शिक. आन् तूच नीट कर.”

सुमितनं ताट पोटाशी धरलं आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकून, सगळ्या बोर्डासमोर, मोठ्यानं रडला. न्यायाधीशांनी त्याला रडून होऊ दिलं. मग पेन उघडून ते हुकमाच्या कागदावर नाव लिहू लागले, आणि वाळिंबेबाईंनी न राहवून टेबलाकडे झुकून सांगितलं, “सर, पहिली वेलांटी.”